पातूरची लेणी आणि उकळलेली बॅटरी

पातूरला लेणी आहेत हे अमरावतीत निम्म्या लोकांना ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते म्हणतात, "तिथं काय ठेवलंय पाहण्यासारखं?" मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी तर सरळ सांगितलं की जायचंच तर वेरूळला जा, चार लोकांना सांगता तरी येतं. मी म्हटलं, बाई, मला चार लोकांना सांगायचं नाही, एका माणसाला दाखवायचं आहे. पण आता जाऊन आले आहे, आणि जो तो विचारतो आहे, तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते.

तो एक माणूस म्हणजे माझे वडील. सारा जन्म त्यांनी धामणगाव रेल्वेला कापसाच्या प्रेसमध्ये गाठी बांधण्यात घालवला. आई गेल्यावर मी त्यांना अमरावतीला आमच्याकडे आणलं. नागपूरच्या दीक्षेला ते गेले होते, आणि तिथून आल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता. आपल्या वऱ्हाडात भिक्खू राहत होते, पातूरच्या डोंगरात त्यांच्या खोल्या अजून आहेत, त्या एकदा पाहायच्या. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता त्यांचा एक डोळा गेला. दुसऱ्यालाही धुरकट काचेतून पाहावं तसं दिसायला लागलं. भर उजेडात माणूस ओळखायचे, दिवस मावळला की भिंत चाचपडायचे. अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचा दिवस दिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "डोळा उशिरा आणलात. नजर येईलच असं मी सांगत नाही."

बाबांना हे मी सांगितलं नाही. पण ते म्हणाले, "सुमे, आपुन आदल्या दिवशी निघू. पातूर पाहू, मंग दवाखाना." मी मान हलवली. मग त्यांना मान दिसली नसेल असं वाटून तोंडानंही हो म्हटलं.

अमरावती

माझे यजमान वसंतराव रस्त्याच्या खात्यात ओव्हरसियर आहेत आणि त्यांना एकच व्यसन आहे, ते म्हणजे आमची मोटार. गाडी विलायती आहे, पण आमच्या लग्नाच्याही आधीची, कुणा मालगुजाराच्या गोठ्यात कोंबड्या बसायच्या तीत. यांनी ती बैलानं ओढून घरी आणली. तेव्हापासून आमच्या घरात तव्याजवळ पाना आणि पाटाखाली नटबोल्ट सापडतात. मी काय बोलायचं ते बोलून घेतलं आहे, त्याचा उपयोग झालेला नाही.

या प्रवासासाठी गाडीला रंग द्यायचं ठरलं. आमच्या वस्तीत नवा विहार बांधला, त्याच्या दारं-खिडक्यांचा निळा तेलरंग डबाभर उरला होता. लेण्यांना जायचं तर विहाराच्याच रंगात जाऊ, असं बाबांनीच सुचवलं. आमच्याकडे पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात ती टोकापासून मुळापर्यंत, एक बोटभर जागा कोरी सोडत नाहीत. गाडीचंही तसंच झालं. शेजारपाजारचे सगळे हात लावून गेले. बॉनेट उघडल्यावर आत जो पत्रा दिसतो, त्यावर मोटारीच्या विजेची एक काळी डबी असते. वसंतरावांनी ती साफ करायला खोलली होती. तो आतला भाग बाबांनी मागून घेतला. "मले दिसत नाही म्हून काय झालं, बोटाले तं समजते," म्हणाले. बोटांनी चाचपत, कुंचला बुडवून बुडवून, त्यांनी तो पत्रा असा रंगवला की गंजाला फटही मिळू नये. त्यांना आवरायचा कुणाला धीर झाला नाही. वाळल्यावर यांनी डबी परत बसवली, आणि निघायच्या दिवसापर्यंत गाडी जागची हलली नाही.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळची थंडी होती. डब्यात भाकरी, ठेचा, जवसाची चटणी आणि वांग्याची कोरडी भाजी घेतली. बाबा पांढरं धोतर नेसून मागच्या सीटवर ताठ बसले. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मी सांगत होते, "बाबा, पांढरं शेत आलं." ते म्हणत होते, "दिसते वं, एवढं दिसते मले." बडनेरा मागे पडलं तेव्हा मी फार खुशीत होते.

मूर्तिजापूरच्या अलीकडे

पहिल्यांदा वास आला. सडक्या अंड्याचा म्हणा, किंवा जळक्या काडेपेटीचा म्हणा, पण घशाला खवखवणारा. मला वाटलं शेतात काही मेलं असेल. मग बाबा खोकायला लागले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले.

"थांबवा," मी म्हटलं.

"काटा पाहा," वसंतराव म्हणाले. समोरच्या फळीवर एक छोटं घड्याळासारखं असतं. त्यातला काटा मध्ये असला की ठीक. डायनामो बॅटरीत वीज भरतो तेव्हा तो थोडा उजवीकडे सरकतो. आमचा काटा उजव्या टोकाला जाऊन भिंतीला चिकटल्यासारखा उभा होता. आणि बॅटरी नेमकी पुढच्या सीटखाली, लाकडी फळीच्या आत, म्हणजे माझ्या बुडाखाली. फळी उचलली तर झाकणांमधून तेजाबाचे बुडबुडे येत होते, भाताच्या आधणासारखे.

यांनी समजावलं ते असं. डायनामोला किती वीज द्यायची हे कळत नाही, तो देतच सुटतो. बॉनेटमधली ती काळी डबी त्याला आवरते. पोट भरलं की पुरे म्हणते. आता डबी पुरे म्हणत नव्हती, आणि पोट फुटायची वेळ आलेली बॅटरी वाफ सोडत होती. वाफ तेजाबाची. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशनपर्यंत डोळ्याला धूळ-धूर लागू द्यायचा नाही. काचा लावाव्या तर आत वाफ, उघडाव्या तर काळ्या मातीची धूळ. मी पदर ओला करून बाबांच्या डोळ्यांवर घडी घातली. ते म्हणाले, "डोळे बांधून काय पाहू मी?" मी म्हटलं, "सध्या काही पाहायचं नाही, गुमान बसा." आवाज चढलाच माझा. पुण्याकडच्या लोकांना आमचं साधं बोलणंही भांडण वाटतं, पण हे खरंच भांडण होतं, फक्त कुणाशी ते मला कळत नव्हतं.

यांनी डबी उघडून आतले पॉइंट काचकागदानं घासले. काही फरक नाही. मग दिवे लावले. भर उन्हात पुढचे दोन्ही दिवे, म्हणजे जास्तीची वीज तिकडे जाईल. काटा जरा खाली आला आणि आम्ही मूर्तिजापूर गाठलं. पण दिवे पिवळे जळायचे ते पांढरेफेक जळत होते. गाव ओलांडता ओलांडता एक बल्ब उडाला, मग दुसरा. काटा पुन्हा टोकाला गेला.

वसंतराव स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. "आता अंधारात गाडी चालवता यायची नाही," ते म्हणाले.

मागून बाबा म्हणाले, "माह्यासारखीच झाली म्हणा, जावईबापू." कुणी हसलं नाही. अकोला अजून लांब होतं, त्याच्या पुढे पातूर. आणि हे दिवस असे की सूर्य लवकर बुडतो. दुसरे दिवशी सकाळी बाबांना दवाखान्यात भरती करायचं होतं. पाहायचं ते आजच, आणि उजेडातच.

खारं पाणी

मग यांनी डायनामोची एक बारीक तार सोडली. आता तो वीज करणारच नाही, नुसत्या बॅटरीवर इंजिन चालेल, हॉर्नही वाजवायचा नाही. वाफ थांबली. पण बॅटरीतलं पाणी आधीच उकळून गेलं होतं. थोडं अंतर गेल्यावर इंजिन उचक्या द्यायला लागलं आणि एका गावाच्या तोंडाशी बंद पडलं. झाकणं काढून पाहिलं तर आतल्या शिशाच्या पट्ट्या कोरड्या दिसत होत्या.

पाणी हवं होतं, आणि आम्ही होतो खारपाणपट्ट्यात. ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांना सांगते. पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमीन सोन्यासारखी, पण विहिरीचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाहुण्याला चहा दिला तर पाहुणा तोंड वाकडं करतो. ते पाणी बॅटरीत घातलं तर बॅटरी मेलीच. दवाखान्यातलं शुद्ध पाणी मिळवायचं तर मागे मूर्तिजापूरला चालत जायचं, म्हणजे दिवस संपला. तरी मी विहिरीवर जाऊन ओंजळभर चाखून पाहिलं, वेडी आशा. खारटच.

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक बाई तुरीच्या शेंगा सोलत होती. वयानं माझ्या आईएवढी असेल. मी सांगितलं, गोडं पाणी हवंय, तांब्याभर, मोटारीला. तिला गंमत वाटली. "मोटार बी गोडंच पाणी पेते काय?" म्हणाली. मग म्हणाली, "पावसाचं हाय. टिनावरून धरून ठेवलं मी रांजणात. पाहुणे आले का डाळ शिजवाले लागते ते." पावसाचं पाणी म्हणजे आकाशातून गाळून आलेलं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. ती उठली, आणि उठता उठता विचारलं, "कोण होय तुमी?"

मी म्हटलं, "बौद्ध."

ती थांबली. शेंगांचं सूप खाली ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मी तिथंच उभी राहिले. सवर्ण पोरांना मी शाळेत गणित शिकवते, त्यांचे बाप मला नमस्कार करतात, आणि इथं मी तांब्या धरून उभी होते. तोंडाशी शब्द आले होते माझ्या. पण मागे गाडीत पदराची घडी डोळ्यांवर घेऊन बाबा बसले होते, आणि ऊन कलायला लागलं होतं.

बाई आत गेली, कळशी घेऊन बाहेर आली. ओट्यावरच उभी राहून तिनं माझ्या तांब्यात उंचावरून पाणी सोडलं. तांब्याला कळशी लागू दिली नाही. पाणी तिनं भरपूर दिलं, हे सांगायलाच हवं. तिचं डाळीचं पाणी होतं ते. उपकार आणि अपमान एकाच धारेतून आले, आणि मी दोन्ही घेऊन परत फिरले.

गाडीशी आले तेव्हा बाबा म्हणाले, "काय झालं? बोलून नाही राहिली तू."

"काही नाही. पाणी मिळालं."

"वरून सोडलं न?" ते म्हणाले. "ऐकू आलं मले इथवर. लहानपणी लय ऐकला तो आवाज."

वसंतरावांनी तांब्या घेतला आणि तिन्ही झाकणांखालच्या भोकांत थोडं थोडं ओतलं.

बॅटरी उतरली होती, नुसत्या तिच्यावर गाडी आता जाणार नव्हती. डायनामोची तार परत जोडणं भागच होतं, पुन्हा वाफ झाली तर झाली. यांनी पुढून हँडल मारलं. चारदा मारलं, अंगरखा भिजला, मग इंजिन धरलं. मी आत बसून काट्याकडे पाहत होते. काटा पुन्हा टोकाला. वसंतराव बॉनेटमध्ये वाकून काहीतरी करत होते, तेवढ्यात त्यांच्या हातातला पाना निसटला आणि आतच कुठंतरी अडकला. काटा एकदम मध्यावर आला.

"हलू नका," मी ओरडले. "काटा उतरला."

पाना डबीच्या लोखंडी पायावर एक टोक आणि इंजिनाच्या बोल्टवर दुसरं टोक असा आडवा पडला होता. यांनी तो उचलला, काटा टोकाला गेला. परत ठेवला, मध्यावर आला. ते माझ्याकडे पाहायला लागले, मी त्यांच्याकडे. डबीला आपलं काम करायला गाडीच्या पत्र्याला लोखंडानं लोखंड टेकावं लागतं. ते टेकत नव्हतं. मध्ये बाबांचा रंग होता. डबीच्या पायाखाली, स्क्रूच्या भोकांत, थरावर थर, बोटांनी चाचपून भरलेला.

आम्ही दोघांनीही मागच्या सीटकडे पाहिलं नाही. इंजिन बंद केलं. यांनी स्क्रू काढले आणि तारांसकट डबी दोन्ही हातांनी वर उचलून धरली. त्यांचे हात अडकले म्हणून खरवडायचं काम मला आलं. रंग आत अजून ओला-चिवट होता. अंबाड्यातला आकडा काढून मी भोकं कोरली आणि पत्रा नखांनी खरवडला, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. बाबांनी इतकं मन लावून केलेलं काम मी उकरून काढत होते, आणि मला रडू येत होतं, रागही येत होता, तो रंगाच्या डब्याचा.

"काय निघालं?" बाबांनी विचारलं.

वसंतरावांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय ठेवला. "तार ढिली झाली होती, बाबा," मी म्हटलं.

"बस, एवढंच?" ते म्हणाले. "एवढ्यासाठी एवढा तमाशा."

पातूर

डबी परत बसवल्यावर काटा मध्यावर राहिला, पण वेळ फार गेला होता. अकोल्यात जेवायचं ठरलं होतं, ते सोडून दिलं. कापसाच्या गाड्यांनी शहरातला रस्ता तुंबला होता आणि आम्हाला हॉर्न वाजवायची हिंमत नव्हती. वसंतराव खिडकीतून डोकं काढून "हो जी, बाजूले, बाजूले" करत गाडी काढत होते. माझी नजर काट्यावर, काट्यावरून उन्हावर. गाडीवाले म्हणत होते, "कोण्या घाईत हाय बाप्पा हे." बाबांनी भाकरी हातातच खाल्ली, ठेच्यासकट, डोळ्यांवरची घडी न काढता.

अकोला सोडून दक्षिणेला वळलं की सपाटी संपते. दूर डोंगराची निळी रेघ दिसते, ती हळूहळू हिरवी होते. सपाट मुलखातल्या माणसाला डोंगर म्हणजे मोठं कौतुक. मी बाबांची घडी सोडली. त्यांनी बराच वेळ त्या दिशेनं पाहिलं. "काहीतरी उभं दिसते," म्हणाले.

पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती, पण होती. एका बाजूला मी, एका बाजूला जावई, असं धरून त्यांना वर नेलं. फार मोठी लेणी नव्हेत ती. खडकात कोरलेले ओबडधोबड खांब, मागे अंधारी दालनं, वटवाघळांचा वास. शाळेतल्या बाई म्हणाल्या ते एका अर्थी खरं आहे, चार लोकांना सांगण्यासारखं काही नाही. पण तिरपं ऊन पुढच्या खांबांवर पडलं होतं आणि दगड पिवळा झाला होता. बाबा दोघांचे हात सोडून पुढे गेले. खांबाला डोळा लावावा इतके जवळ जाऊन त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग दुसरा खांब. मग एका खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन म्हणाले, "लहान हाय. एका माणसाले पुरते. माणसाले तेवढंच लागते." त्यांना दिसत होतं. मी पदर तोंडात धरला.

बाहेर यायला पायरी होती, म्हणून मी हात दिला. त्यांनी तो धरला आणि तसेच थांबले. माझी बोटं उन्हात धरून, वाकून, अगदी डोळ्याशी नेली.

"नखात निळं काय होय हे?"

मी हात ओढायला गेले. त्यांनी सोडला नाही.

"हा तं विहाराच्या दरवाज्याचा रंग," ते म्हणाले. "म्या लावला तो." "भोकं लय भरली न म्या? मले वाटलं, गंज चढाले नको."

"बाबा..."

"खोटं बोलाचं असन, मास्तरीणबाई, तं नखं धुऊन बोलाव," ते म्हणाले, आणि हसले. वसंतरावही हसले. मी हसता हसता रडले, आणि ऊन खांबावरून निघून गेलं.

रात्र पातुरात एका ओळखीच्या मास्तरांकडे काढली. सकाळी काटा मध्यावर ठेवून आम्ही अकोल्याला आलो आणि बाबांना भरती केलं.

पट्टी सोडून तपासायच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला आत येऊ दिलं नाही. बाहेर आले, चष्मा काढला, आणि म्हणाले की त्या डोळ्यात आता काही राहिलं नाही. पट्टी परत बांधली आहे, पेशंटला सध्या काही सांगू नका, तब्येत सावरली की सांगू. मी हो म्हटलं. वॉर्डात जाण्याआधी तिथं नळावर हात धुवावे लागतात. मी साबण लावून धुतले, डोळेही धुतले, आणि चेहरा हसरा करून आत गेले. चेहरा कुणासाठी हसरा केला कोण जाणे.

"बाबा, डॉक्टर खूश आहेत," मी म्हटलं.

त्यांनी चाचपून माझा हात घेतला. ओला, गार हात. अंगठ्यानं एकेक नख पुसून पाहिलं, अगदी सावकाश.

"नखं धुऊन आली तू," ते म्हणाले.

शेजारच्या खाटेवर कुणी खोकत होतं. बाबांनी हात सोडला नाही. "आता सांग," ते म्हणाले, "काय निघालं?"

मी त्यांच्या खाटेवर बसले, आणि या वेळी तार ढिली होती असं म्हटलं नाही.